कर्जत माझ्या फेरीत नव्हतं

नगर, २ जुलै १९७२

कानिफ,

कागदाच्या डोक्यावर काय लिहावं यातच अर्धा तास गेला. 'चिरंजीव' लिहिलं तर तुला वाटेल, थोरलेपणा मिरवतोय. म्हणून नुसतं नावच लिहिलं. अक्षर ओळखलं असशील तर पत्र फाडण्याआधी एवढं पान वाच.

परवा जामखेडच्या स्टँडवर माझ्या पत्र्याच्या पेटीवर बसून शेवगावच्या गाडीची वाट बघत होतो. आपल्या वाडीची दगडाबाई समोर येऊन उभी राहिली. आपल्या शेजारची, जिच्या अंगणात आपण चिंचा फोडायचो ती. डोळ्यांवर आडवा हात धरून तिनं मला निरखलं.

"सहादू न्हवं का तू?"

"व्हय, मावशे."

"मग डोकं कसं न्हाई काढलंस?"

मला कळेना. मी डोक्यावरून हात फिरवला. मग तिच्याच ध्यानात आलं. तोंडाला पदर लावून खाली बसली. म्हणाली, "आक्काबाई गेली की रं. तीन आठवडं झालं. तुला कुनीच सांगितलं न्हाई?"

मी शेवगावची गाडी जाऊ दिली. स्टँडमागच्या न्हाव्याकडे गेलो. त्यानं विचारलं, "कोण?" मी म्हणालो, "आई." त्यानं विचारलं, "आज?" मी हो म्हणालो. आजच गेली होती माझ्यापुरती.

तुम्ही कळवलं नाहीत याचा राग मनात नाही. तुला माहीत नसेल, माझ्या घरच्या रतनबाईलाही जाऊन सहा वर्षं झाली. पोटात दुखतंय म्हणाली आणि आठ दिवसांत गेली. मूलबाळ नव्हतंच. तेव्हा मीही वाडीला कळवलं नव्हतं. मग कुठल्या तोंडानं रागवू?

एवढंच विचारायचं होतं. जाताना आईनं माझं नाव काढलं होतं का? काढलं असेल तर लिही. नसेल काढलं तर तसंही लिही. मी पंधरा वर्षं वाडीला पाऊल टाकलं नाही, तिनं नाव टाकलं असेल तर तिचा हक्क होता.

माझं बरं चाललंय. शेठच्या चहाची फेरी अजून माझ्याकडेच आहे. पेढीवर मान आहे. जिल्ह्याच्या कुठल्याही बाजारात गेलो तरी दोन माणसं 'पैलवान, या' म्हणतात. हुतुतूवाल्याला लोक पैलवानच समजतात, काय करणार.

केशरबाईला नमस्कार.

सहादेव


सोनई, १९ ऑगस्ट १९७२

कानिफ,

दीड महिना झाला, तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पेढीवर आलो की टपालाच्या टोपलीत हात घालतोच.

इकडे पावसानं तोंड फिरवलंय, तिकडेही तेच असणार. सोनईला लोक आभाळाकडे बघायचंसुद्धा थांबलेत. चहा मात्र खपतो. ज्याच्याकडे दुधाची गाय उरली नाही तो काळा पितो. लहान पुड्या जास्त जातात.

तुला माझा धंदा कधी सांगितलाच नाही. मी नगरला गेलो तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास. शेठला हुतुतूचं वेड. त्यानं आठ-दहा खेळाडू जिल्ह्यातून वेचून आणले आणि सगळ्यांना चहाच्या पेढीत लावलं. हंगामात आम्ही जत्रेजत्रेला खेळायचो. संध्याकाळी सामना, दुसऱ्या दिवशी सकाळी तेच खेळाडू पेट्या घेऊन दुकानांच्या पायऱ्या चढायचे. काल ज्यानं पकड केली त्याच्याकडून पुडा घ्यायला दुकानदाराला आनंद व्हायचा. मला बोलावं लागायचंच नाही. मी पुडा उघडून वास देत असे, दुकानामागच्या चुलीवर चहा टाकायला लावत असे आणि पहिला घोट मी घेत असे. तेवढी माझी विक्री.

संघ मोडून दहा वर्षं झाली. शेठ थकले. धाकटे शेठ क्रिकेट ऐकतात. आता दुकानात मला बोलावं लागतं आणि बोलणं मला नीट जमत नाही.

इथं चांदभाईचं किराण्याचं दुकान आहे. जुना माणूस. आज त्यानं दुकानात उभ्या असलेल्या चार गिऱ्हाइकांना माझी ओळख करून दिली. "ह्यांना नुसता चहावाला समजू नका. सत्तावन साली नगरला फायनल झाली, मी हुतो तिथं. ह्या माणसाची घोट्याची पकड! कर्जतकडचा एक पोरगा हुता, वाऱ्यासारखा. ह्यांनी असा धरला आन् पाय असा काडकन्..." असं म्हणून त्यानं हातातली उदबत्तीची काडी मोडून दाखवली.

त्याला माहीत नव्हतं तो पोरगा कोण. गिऱ्हाइकं हसली. मी गप्प राहिलो आणि पेटी आवरली.

धर्मशाळेत बसून हे लिहितोय. इथल्या खोलीला खिडकी नाही, पण माणसं चांगली आहेत.

सहादेव


कर्जत, ६ ऑक्टोबर १९७२

कानिफ,

वरचं गावाचं नाव वाचून दचकू नकोस. पेढीच्या कामानं आलोय. वाडीकडे येणार नाही.

दुपारी शाळेवरून चाललो होतो. मैदानात मुलींचा खो-खो चालला होता. मी कुंपणाशी पेटी टेकवून उभा राहिलो. खेळ दिसला की पाय थांबतात, जुनी खोड.

एक मुलगी होती, काळीसावळी, दोन वेण्या वर बांधलेल्या. पळताना ती डावा खांदा एकदम खाली टाकायची आणि उजवीकडे निसटायची. पाठीमागची मुलगी डावीकडे झेपावून मातीत. तीनदा असंच झालं. हा खांदा मी शिकवलेला होता. सीना नदीच्या वाळूत, तुला, तू अकरा वर्षांचा असताना. तू डाव्या अंगानं हूल द्यायचास आणि मी दर वेळी फसायचो. पहिल्यांदा मुद्दाम, नंतर खरोखर.

सरांनी हाक मारली, "मालन, पुरे आता!"

नावावरून काही कळलं नाही. तुला मुलगी आहे एवढं ऐकून होतो, नाव कुणी सांगितलं नव्हतं. ती पाणी प्यायला कुंपणाजवळच्या रांजणाशी आली. मी म्हणालो, "बाळ, चांगली पळतेस."

तिनं मला खालून वरपर्यंत पाहिलं. "पाव्हणं, कुनाकडं आलाव?"

"चहावाला आहे. दुकानांना आलोय."

"मग हितं काय ऱ्हायलाव हुबं? दुकानं तिकडं हायती."

तुझीच. दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. तरी विचारलं, "हुतुतू खेळत नाहीस?"

"बापू खेळू देत न्हाईत. खो-खो चालतो म्हणत्यात. ह्याच्यात कुनी कुनाला धरून ठिवत न्हाई."

ती वेण्या सोडत निघून गेली. कानिफ, तुझ्या मुलीनं मला दुकानांचा रस्ता दाखवला आणि मी आज्ञाधारकपणे तिकडे गेलो. एकाही दुकानात पेटी उघडली नाही.

मी कोण ते तिला सांगितलं नाही. तू निर्धास्त राहा.

सहादेव


नगर, २० डिसेंबर १९७२

कानिफ,

हे पत्र भीतभीत लिहितोय, आणि त्यात एक कबुली आहे. कर्जत माझ्या फेरीत नव्हतं. कधीच नव्हतं. सत्तावनच्या उन्हाळ्यात मी शेठच्या पाया पडून ती लाईन माझ्याकडे देऊ नका म्हणून सांगितलं होतं. पंधरा वर्षं ती शमशेरकडे होती, माझ्याच संघातला शमशेर, मधल्या फळीतला. आई गेल्यावर मी त्याला म्हणालो, आपण फेरी बदलू. त्यानं का म्हणून विचारलं नाही. "घे," म्हणाला, "मला पण शेवगावला पोरगी दिलीय, बरं पडेल."

तेव्हापासून मी चार वेळा शाळेच्या कुंपणाशी उभा राहिलोय. चोरासारखं वाटतं, पण जातो.

परवा शाळेत खेळ घेणाऱ्या गोरक्षनाथ सरांनीच मला हटकलं. बरोबर केलं त्यांनी. परका माणूस मुलींचा खेळ बघत उभा राहतो म्हटल्यावर मास्तरनं विचारायलाच हवं. मी शेठच्या संघाचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले. मग आम्ही कट्ट्यावर बसलो. ते म्हणाले, फेब्रुवारीत नगरला जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत. शाळेचा संघ जाणार. "पण मालनशिवाय नेऊन काय उपयोग? तिचे वडील नाही म्हणतात."

मी विचारलं, "का?"

"दोनदा घरी गेलो. भला माणूस. पायानं अधू आहे. चहा दिला, बसायला घोंगडी टाकली. पण नगर म्हटलं की मान हलवतात. कारण सांगत नाहीत. पोरगी खडी फोडायच्या कामावर आईबरोबर जाते सुट्टीत, ते कारण असेल म्हटलं, तर तेही नाही म्हणाले. नगर नको, एवढंच."

कानिफ, कारण मला माहीत आहे आणि तुलाही. त्यासाठीच हे पत्र. तिला पाठव. खेळणाऱ्याला घरी बसवलं की त्याचं काय होतं हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? हे लिहायचा मला अधिकार नाही, तरी लिहितो.

तू उत्तर देत नाहीस. पत्रं परतही येत नाहीत. त्यावरून मी धरून चाललोय की ती पोचतात.

सहादेव


पाथर्डी, ९ जानेवारी १९७३

कानिफ,

सर मला काल भेटले. तुझा निरोप 'न्हाई' असाच आहे म्हणाले.

तेव्हा आता लिहितोच. हे लिहिल्यावर तू मला माणसांत धरणार नाहीस, पण आजही धरत नाहीस, तेव्हा त्यात फरक पडायचा नाही. पोरीचा फरक पडला तर पडू दे.

फेब्रुवारी सत्तावन. शेठच्या वडिलांच्या नावाची ढाल. आमच्यासमोर फायनलला आपल्या वाडीचा संघ आला तेव्हा शेठ मला म्हणाले होते, "सहादेव, तू आज कुणाचा?" मी म्हणालो, "तुमचा." पुढच्या सोमवारी तुझी पोलीस भरती होती. एक फौजदार तुला बघायला मुद्दाम मैदानात आले होते, हे मला ठाऊक होतं.

शेवटच्या चढाईला दोन्ही संघ बरोबरीत. तू आलास. शमशेरच्या हाताला हात लावलास, डावा खांदा टाकलास. सगळे डावीकडे गेले. मी गेलो नाही. मला माहीत होतं तू उजवीकडून निघणार. मी घोटा धरला. तू पडलास आणि छातीवर रेघेकडे सरपटत निघालास. मग तुझा दम तुटला. पंचांची शिट्टी झाली.

मी सगळ्यांना काय सांगत आलो ते तुला माहीत आहे. लोकांच्या ओरड्यात शिट्टी ऐकू आली नाही. आबांना हेच सांगितलं, आईला हेच, रतनबाईलाही हेच. रतनबाई हेच खरं मानून गेली.

मला शिट्टी ऐकू आली होती.

तू बाद झाला होतास. हात सोडायचे आणि उठायचं, एवढंच राहिलं होतं. पण सगळं मैदान 'कानिफ, कानिफ' ओरडत होतं. नगरचं मैदान, माझ्या शेठचं, जिथं मी सहा वर्षं खेळत होतो, आणि नाव तुझं. मला वाटलं, याला जरा जमिनीला टेकवून ठेवावा. डोळा मिटून उघडावा इतकाच वेळ. मी घोटा न सोडता अंग टाकलं. तुझा गुडघा माझ्या छातीखाली होता. त्याचा आवाज झाला तो मैदानाला ऐकू गेला नाही, मला गेला.

तुझा पाय मोडावा असं मनात नव्हतं. पण मनात काहीच नव्हतं असंही नाही.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तू डोळे उघडून मला विचारलंस, "दादा, शिट्टी ऐकली हुतीस का?" मी म्हणालो, "न्हाई रं." तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. त्यानंतर आपण बोललो नाही. तुला माझं खोटं कळलं, हे मला त्याच वेळी कळलं. म्हणून वाडीला आलो नाही. आबांनी येऊ नको म्हटलं होतं असं मी लोकांना सांगतो. आबा तसं कधी म्हणाले नव्हते.

अजून एक. सोनईच्या दुकानात मी गप्प राहिलो असं तुला लिहिलं होतं. गप्प नव्हतो. चांदभाईनं काडी मोडली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हसलो होतो. सवयीनं. दुकानदार हसला की एजंटानं हसायचं असतं.

आता स्पर्धेचं. रविवार ४ फेब्रुवारी. मी त्या दिवशी नगरात नसेन. शिर्डीला जाईन, तिथं चहाचे गाळे पुष्कळ आहेत, काम निघेल. तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. मैदानाच्या आसपास कुणालाही विचार, सहादेव कुठे आहे, शिर्डीला गेला असंच सांगतील. शब्द देतो. माझ्या शब्दाची किंमत तुला माहीत आहे, तरी देतो.

तिला पाठव.

सहादेव


शिर्डी, ४ फेब्रुवारी १९७३

कानिफ,

शब्दाप्रमाणे आलोय. सकाळपासून तीन गाळे केले. मग पेटी बंद केली आणि देवळाबाहेर फुलांच्या दुकानाच्या सावलीला बसलो. फूलवाली चांगली आहे. आधी म्हणाली, "काका, हार घ्या." मग म्हणाली, "नका घेऊ, पर बसा."

मघाशी कुठल्याशा घड्याळात दहाचे ठोके पडले. सामने दहाला सुरू होतात. ती आली असेल का मला माहीत नाही. आली असली तर आता मैदानावर चुन्याच्या रेघा ओढून झाल्या असतील, पोरी वेण्या वर बांधत असतील. नाही आली तर ती आज दुष्काळी कामावर केशरबाईबरोबर खडीची टोपली उचलत असेल. दोन्ही चित्रं आळीपाळीनं समोर येतात. मी पहिलं जास्त वेळ धरून ठेवायचा प्रयत्न करतो.

इथं माणसांचा पूर आहे. सगळे काहीतरी मागायला आलेत. मी रांगेत उभा राहिलो नाही. काय मागायचं ते ठरेना. ती जिंकावी हे मागावं, की ती आलेली असावी हे मागावं, की तू बरोबर आलेला असावास? तिसरं फार झालं असतं.

वीस-बावीस वर्षं बाजारांतून हिंडलो. रोज शंभर माणसांशी बोलतो आणि संध्याकाळी आठवायला लागलो तर मी कुणाशी काय बोललो ते आठवत नाही. चहाचा दर, पाऊस, बसची वेळ. आज फूलवालीशी दोन शब्द झाले, तेवढे लक्षात राहतील.

वरचं लिहून पत्र तसंच ठेवलं आणि दुपारी एकदा तर मी उठून स्टँडपर्यंत गेलो. नगरची गाडी उभी होती, रिकामी. चढलो नाही. परत येऊन बसलो.

हे माझं शेवटचं पत्र समज. तुला पुन्हा त्रास देणार नाही. कर्जतची फेरी शमशेरला परत करतो.

सहादेव


वाडी, ता. कर्जत, १८ फेब्रुवारी १९७३

ती. मोठ्या बापूंस,

हे पत्र बापू सांगतात आणि मी, मालन, लिहिते. शुद्ध करू नको, बोलतो तसंच लिही, असं त्यांनी बजावलंय. आता त्यांचं.

दादा,

तुझी पहिली पत्रं मी कोनाड्यात टाकून दिल्ती. फोडलीच न्हाईत. मला वाचायला यील तेवढं येतं, पर तुझं अक्षर बघितलं की डोळं पुढं सरकायचं न्हाईत. पाथर्डीचं पत्र आलं तवा मालन म्हणाली, बापू, आता मी वाचनार. सगळी एका बैठकीत वाचून दावली. चहावाला म्हंजी तू हे तिला तवाच कळलं. कर्जतचं पत्र परत हातात घेतलं. मग म्हणाली, मी त्यांना दुकानं तिकडं हायती म्हणलं की वो.

तिला घेऊन मी सोता नगरला आल्तो. सर हुते, पर मी म्हणलं मी येनार. पोरींनी एक सामना काढला, दुसऱ्यात पडल्या. मालन पळताना कोसळली, गुडघा फुटला. मी डोळं मिटून घेतलं. उघडलं तवा ती पळतच हुती. बाकीचं मी बघितलं न्हाई बग, नुसता तिचा पाय बघत हुतो.

मग, शिर्डीला गेला नसशील तर बघावं म्हणून, तुझी पेढी हुडकत दाळमंडईत गेलो. शमशेरनं मला वळखलं न्हाई, मी त्याला वळखलं. म्हणाला, सहादेव मुद्दाम शिर्डीला गेलाय. म्हणलं, आन् मी मुद्दाम हितं आलोय. लई हसू आलं मला, आन् मग त्याच्याच पायरीवर बसलो.

आईचं इचारलंस. शेवटच्या चार दिसांत तिला मानूस कळत न्हवतं. मला सहादूच म्हणायची. सहादू, पानी दे. सहादू, गार झालं रं. मी व्हय म्हणायचो आन् द्यायचो. तार करावी असं केशर म्हणाली हुती. मीच नको म्हणलं. तू आलास तर ती मला कानिफ म्हणंल, आन् तुझ्या नावावर मिळत हुती ती माया जाईल, असं वाटलं. ते माझं पाप.

आता शिट्टीचं.

दादा, शिट्टी मीबी ऐकली हुती.

दम तुटला, शिट्टी झाली, म्हंजी पडून ऱ्हायचं. तूच शिकवलं हुतंस. मी न्हाई ऱ्हायलो. रेघ चार बोटं हुती. म्हणलं, दादाच्या हातातून पाय उपसून रेघ शिवायची, बाद तर बाद, पर लोकांनी बघावं. तू दाबत हुतास आन् मी जीव खाऊन उपसत हुतो. पाय तू मोडलास का मी, मला आजवर ठरवता आलं न्हाई.

दवाखान्यात इचारलं ते तुझी चोरी धराया न्हाई. तू व्हय म्हणाला आसतास तर मीबी व्हय म्हणलो आसतो. तू न्हाई म्हणलास. मग मला वाटलं, ह्याला खरंच ऐकू आली न्हाई, म्हंजी सगळी चूक माझ्या एकट्याची. बोलायचं धाडस झालं न्हाई. गाव तुला नावं ठिवत हुतं, आबा मनात कुढत हुते, आन् मी खाटंवर पडून सगळं ऐकत हुतो. एक शब्द न्हाई बोललो. तुला एकट्याला वाहू दिलं. पंधरा वरसं.

मालननं इथं लिहायचं थांबवलं हुतं. मी म्हणलं, लिही.

कर्जतची फेरी त्या शमशेरला दिऊ नको. आन् ये. होळीच्या आधी ये. घरात रेशनवरच्या लाल मिलो जवारीची भाकर हाय, ती गिळाया जड जाती, आधीच सांगतो. आल्यावर पायाचं आन् शिट्टीचं काढू नको. झालं ते बोलून झालं कागदावर.

कुठल्या दिशी ते कळव आन् सांजच्या गाडीनं ये. फाट्यावर उतरलास की तिथंच थांब. मी न्यायला येतो. मला चालायला येळ लागतो, गाडी गेली तरी मी दिसनार न्हाई. तरी थांब. एकटा वाडीत शिरू नको.

कानिफ